फळी क्रमांक एकशे सतरा

पोर्ट हॅडलीत कुणी तुम्हाला
अरीना बांधल्याची तारीख सांगणार नाही.
सांगतील, पोलादाच्या भट्ट्या तीन पाळ्यांत चालायच्या तेव्हा,
किंवा, ओसिप द्रोबिश छतावरून पडला त्या हिवाळ्यात.
नेमका कुठे पडला, ते कुणी आखून ठेवलं नाही.
त्याच्या बायकोला दर हंगामाला दोन पास,
खुर्ची नऊ आणि दहा.
एकीवर ती बसायची. दुसरीवर कोट ठेवायची.

मी एकोणिसाव्या वर्षी लागलो, रात्रपाळीला.
संध्याकाळी हॉकी, दुसऱ्या दुपारी बास्केटबॉल,
मधल्या रात्री आम्ही अकरा जण
बर्फावर जमीन अंथरायचो.
आधी काळे तक्ते, मग मेपलच्या फळ्या,
दोनशे पंचवीस,
प्रत्येकीच्या पाठीवर आकडा, गुरांना डागतात तसा.
मुकादम थॅडियस, ओठांत खिळा नाहीतर शिवी.
म्हणायचा, "खाली बर्फ झोपलाय. उठवू नका."
आम्ही खरंच बूट न वाजवता चालायचो.

एकशे सतरा,
उजव्या बास्केटपासून चार पावलं आत.
तिथे चेंडू मरायचा.
टप्पा पडायचा, पण गुडघ्याच्या वर यायचा नाही,
खालून कुणी धरून ठेवल्यासारखा.
आमच्या पोरांना ठाऊक. पाहुण्यांना नाही.
पोरं पाहुण्याला गोडीगुलाबीनं तिकडे रेटत न्यायची
आणि नऊ हजार माणसं
काही माहीत नसल्यासारखी छताकडे बघायची.
या गावात अजिंक्यपद एकदाच आलं.
त्यातले निदान सहा गुण त्या फळीचे.
चषकावर तिचं नाव नाही.

बाकी इतिहास म्हणाल तर
बॉक्सिंगच्या रात्री पहिल्या रांगेतल्या बायका
मांडीवर वर्तमानपत्र पसरून बसायच्या, रक्त उडतं म्हणून.
एका गायिकेच्या कार्यक्रमात वीज गेली,
ती माइकशिवाय गात राहिली,
शेवटच्या रांगेतले आजही शपथेवर सांगतात
शब्दन्‌शब्द ऐकू आला.
खोटं आहे. मी शेवटच्या रांगेच्याही मागे होतो.
लायटरच्या उजेडात ओठ हलताना दिसले.
तेवढं पुरलं.

भट्ट्या बंद झाल्या त्या मार्चमध्ये
कामगारांची सभा इथेच. खुर्च्या कमी पडल्या,
लोक फळ्यांवर उभे,
गारठा तळव्यांतून वर चढत होता.
कंपनीचा माणूस बोलायला आला,
आणि योगायोगानं उभा राहिला एकशे सतरावर.
त्याचं एक वाक्य उसळलं नाही.

मग महामार्गालगत नवा झाला, बँकेच्या नावाचा.
जुन्याचा लिलाव.
स्कोअरबोर्ड भंगारात गेला, घड्याळ शाळेनं नेलं.
खुर्ची नऊ आणि दहा एकाच बोल्टवर होत्या,
सुट्या करता येईनात.
एकशे सतरावर बोली चढत गेली.
दातांचे डॉक्टर फेनविक यांनी घेतली,
गॅरेजमध्ये अंथरली, आम्हाला मुद्दाम बोलावलं,
बिअर दिली, चेंडू टाकला.

चेंडू छातीपर्यंत आला.

पुन्हा टाकला. पुन्हा आला.
डॉक्टरांचं तोंड बघवेना.
थॅडियस हसत सुटला, दम लागेपर्यंत,
मग फळीवर हात ठेवून बसला,
म्हणाला, "तेहतीस वर्षं हिला बोल लावला."

आता तिथे गाड्या उभ्या राहतात.
नोव्हेंबरात, पहिल्या थंडीत,
सगळं आवार कोरडं ठणठणीत असतं तेव्हा
एका ठिकाणी, गेटपासून तिसऱ्या दिव्याखाली
(मी अजून बास्केटपासूनच मोजतो),
ओंजळभर पाणी साचतं
आणि गावात सगळ्यांच्या आधी गोठतं.

बाजूनं जातो मी.
बूट न वाजवता.